वळणावरची मराठी ओळ: शिरोरेषा तुटू न देता गोल आणि लहरी मजकूर कसा मांडावा

श्रावण लागला की इंदूरच्या गणेशोत्सव मंडळांची छपाईची कामे सुरू होतात. बिल्ले, पावती पुस्तके, स्मरणिकेची मुखपृष्ठे, स्वागत कमानीचे फ्लेक्स. जवळजवळ प्रत्येक कामात मंडळाचे नाव कुठेतरी कमानीसारखे वाकवलेले असते, आणि बहुतेक वेळा तिथेच ओळ बिघडते. शिरोरेषेचे तुकडे पडतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, खालच्या बाजूच्या ‘इंदूर’वरचा अनुस्वार आतल्या चित्रात घुसतो. मग ‘मराठी गोलात चांगली दिसतच नाही’ असे म्हणून तीच फाईल छापली जाते.

मराठी गोलात उत्तम दिसते. चूक पायऱ्यांच्या क्रमात होते, आणि त्याहून जास्त एका गृहीतकात होते. पानजुळणीचे सॉफ्टवेअर रोमन अक्षरांचा विचार करून घडलेले आहे. रोमन अक्षर तळरेषेवर उभे असते, म्हणून वक्ररेषा त्याच्या पायाखाली येते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकलेले असते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखे. दोरी पायाखाली बांधली तर वरची टोके फाकणारच. म्हणून वक्ररेषा शिरोरेषेच्या जागी आणायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायऱ्या इनडिझाइन या अडोबीच्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या आहेत. स्क्राइबस, कोरलड्रॉ, इंकस्केप वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

## १. वळण किती घट्ट आहे ते आधी पाहा

संगणक उघडण्याआधी एक हिशोब करा. ओळ नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे पायावर उभी करून गोलावर बसवली, तर दोन अक्षरांमध्ये शिरोरेषेला किती फट पडेल? अक्षराची उंची गुणिले अक्षराची रुंदी, भागिले वर्तुळाची त्रिज्या. अक्षर ६ मिमी उंच, ६ मिमी रुंद आणि त्रिज्या ४० मिमी असेल तर फट ०.९ मिमी. हातात धरलेल्या बिल्ल्यावर ती स्पष्ट दिसते. त्रिज्या ८० मिमी केली तर फट ०.४५ मिमीवर येते. उंची इथे तळरेषेपासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत धरायची, वरच्या मात्रा सोडून.

यावरून मी कामाचे तीन भाग करतो. त्रिज्या अक्षराच्या उंचीच्या दहापट किंवा जास्त असेल तर काम सोपे आहे. सहा ते दहापट असेल तर खालची पद्धत काटेकोरपणे पाळावी लागते आणि शेवटी हातानेही थोडे सारखे करावे लागते. सहापटीच्या खाली मजकूर रेषेवर चढवण्याच्या नादी लागू नका. सरळ आठव्या टप्प्यावर जा.

तपासा: मंडळाचे नाव लांब आहे म्हणून अक्षर लहान करून ते पूर्ण वर्तुळभर फिरवायचा विचार असेल तर थांबा. उलटी पडणारी मराठी कुणी वाचत नाही. वरच्या कमानीला १४० ते १६० अंश पुरे. बाकीचे खालच्या ओळीत किंवा मधोमध.

## २. मजकूर आणि फाँट तयार ठेवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते आणि ते दिसते मात्र पाचव्या टप्प्यावर.

पहिली गोष्ट, मजकूर युनिकोडमध्ये हवा. अनेक ठिकाणी अजूनही मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये येतो. त्या फाँटमध्ये ह्रस्व वेलांटी, रफार, अर्धे अक्षर, काना हे सगळे स्वतंत्र तुकडे असतात. सरळ ओळीत ते शेजारी शेजारी बसतात म्हणून शब्द नीट दिसतो. वक्ररेषेवर मात्र प्रत्येक तुकडा आपापल्या कोनात वळतो. ‘र्व’मधला रफार एका दिशेला आणि ‘व’ दुसऱ्या दिशेला झुकतो, वेलांटीची कमान तिच्या काठीपासून सुटते.

ओळखायचे कसे? ओळ निवडा आणि फाँट बदलून मंगल किंवा निर्मला करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर जुना फाँट आहे. दोन-चार शब्द असतील तर नव्याने टाइप करा, तेच लवकर होते. मोठा मजकूर रूपांतरित केला असेल तर रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरावरची ह्रस्व वेलांटी ही तीन ठिकाणे डोळ्यांखालून घाला, बिघाड तिथेच असतो.

दुसरी गोष्ट कंपोझरची, म्हणजे ओळीत अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणेची. इनडिझाइनमध्ये परिच्छेद पॅनेलच्या मेन्यूतून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. हे केले नाही तर जोडाक्षरे सुटतात, ह्रस्व वेलांटी अक्षरानंतर उमटते आणि लोक फाँटला दोष देतात. स्क्राइबसची जुनी १.४ आवृत्ती वापरत असाल तर ती बदला, तिला देवनागरीची जुळणी जमत नाही. ती सोय १.५ मालिकेत आली आणि १.६.० या स्थिर आवृत्तीत, जानेवारी २०२४ पासून, सर्वांना मिळाली.

तिसरी, अक्षर पॅनेलमध्ये भाषा मराठी ठेवा. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, त्यांत ते या निवडीमुळे उमटतात. ट्रॅकिंग (अक्षरांमधले सरसकट अंतर) शून्य ठेवा. सरळ ओळीत दिलेले जास्तीचे अंतर शिरोरेषा आधीच तोडून ठेवते.

फाँट निवडताना शिरोरेषा जाड असलेला, टोके चौकोनी असलेला आणि वरच्या मात्रा फार उंच नसलेला घ्या. मुक्त आणि बलू हे दोन्ही फाँट विनामूल्य मिळतात आणि वळणावर बरे वागतात. हस्ताक्षरासारखे, शिरोरेषेची टोके निमुळती असलेले फाँट टाळा. त्यांत जोड लपत नाही.

सावधान: शुद्धलेखन आत्ताच तपासा. वळवल्यावर डोळा आकाराकडे जातो, अक्षराकडे नाही. ‘मंडळ’चे ‘मंडल’ आणि ‘इंदूर’चे ‘इंदौर’ इंदूरमध्ये सहज होऊन जाते, कारण ऑपरेटरच्या हाताला हिंदीची सवय असते.

## ३. ओळ सरळ लावून मोजा

वळवण्याआधी ओळ सरळ लावायची. हा टप्पा गाळणारे मग वर्तुळ ओढत-ताणत बसतात.

आपण ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ ही ओळ घेऊ. रफार, ह्रस्व वेलांटी, मात्रा, ओकार, अनुस्वार असे सगळे तिच्यात आहे, त्यामुळे सरावालाही चांगली. ती हव्या त्या आकारात सरळ लावा आणि दोन मापे लिहून घ्या.

लांबी: पहिल्या अक्षराच्या डाव्या कडेपासून शेवटच्या अक्षराच्या उजव्या कडेपर्यंत. समजा १०० मिमी.

उंची: त्याच आकारात एक ‘न’ वेगळा टाइप करा, ‘टाइप’ मेन्यूतून ‘क्रिएट आउटलाइन्स’ करा (अक्षराचा साधा आकार होतो) आणि वरच्या पट्टीत त्याची उंची वाचा. ‘न’ला वर मात्रा नाही, खाली उकार नाही, म्हणून ही नेमकी तळरेषेपासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंतची उंची असते. समजा ६ मिमी. पॉइंटमध्ये १७, कारण एक पॉइंट म्हणजे ०.३५२८ मिमी. हा १७ चा आकडा पाचव्या टप्प्यात लागेल.

आता त्रिज्या. लांबीला ५७.३ ने गुणा आणि हव्या असलेल्या अंशांनी भागा. १०० × ५७.३ ÷ १४० = ४०.९, म्हणजे ४१ मिमी. ही शिरोरेषेची त्रिज्या झाली. ४१ भागिले ६ म्हणजे जवळजवळ सातपट, म्हणून आपले काम मधल्या गटातले आहे.

वरच्या मात्रांना शिरोरेषेच्या बाहेर उंचीच्या साधारण ४० टक्के जागा सोडा, म्हणजे इथे अडीच मिमी. बाहेरची सजावटीची कडा त्यानंतर सुरू करा. ओकाराचे टोक कडेला चिकटलेले बिल्ले दरवर्षी दिसतात, ते ही जागा न सोडल्यामुळे.

## ४. रेषा काढा

हाताने कमान काढू नका. वर्तुळ काढा आणि कापा.

‘एलिप्स’ साधन घेऊन पानावर एकदा क्लिक करा, रुंदी आणि उंची दोन्ही ८२ मिमी भरा. मग ‘सिझर्स’ साधनाने वर्तुळाच्या अगदी डाव्या आणि अगदी उजव्या बिंदूवर क्लिक करा. वरचा अर्धा ठेवा, खालचा काढून टाका. मिळालेल्या कमानीची लांबी जवळजवळ १२९ मिमी आहे आणि ओळ १०० मिमीची, म्हणजे दोन्ही बाजूंना पुरेशी जागा उरते.

पूर्ण वर्तुळ न ठेवता कापायचे अशासाठी की बंद आकारात मजकुराची सुरुवात आणि शेवट एकाच जागी येतात. मजकूर मध्यावर आणला की तो त्या जागेच्या बरोबर समोर जातो. ती जागा नेमकी कुठे आहे हे शोधत कंस सरकवत बसण्यापेक्षा उघडी कमान बरी. मध्यावर म्हटले की ओळ शिखरावर येते.

लहरी रेषा पेन साधनानेच काढावी लागते. तिथे अँकर बिंदू कमीत कमी ठेवा. एका चढाला आणि उताराला मिळून दोन-तीन बिंदू पुरतात. प्रत्येक जादा बिंदूपाशी रेषेला बारीक कोपरा येतो, आणि नेमके तिथले अक्षर शेजाऱ्यापासून फटकून उभे राहते. रेषेचा रंग आणि जाडी ‘नन’ करा.

स्क्राइबसमध्येही रेषा बेझियर साधनाने काढा. इंकस्केपमध्ये वर्तुळ काढून ‘पाथ’ मेन्यूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून घ्या.

## ५. मजकूर चढवा आणि शिरोरेषेवर आणा

आता मुख्य काम.

सरळ ओळीतला मजकूर कॉपी करा. ‘टाइप ऑन अ पाथ’ साधन निवडा (शिफ्ट आणि टी). कर्सर कमानीवर नेला की त्याच्याजवळ अधिकचे छोटे चिन्ह येते. ते दिसल्यावरच क्लिक करा, मजकूर चिकटवा, आणि परिच्छेद मध्यावर आणा. उजव्या टोकाला लाल अधिक चिन्ह दिसले तर मजकूर मावलेला नाही. अशा वेळी अक्षर लहान करू नका, तिसऱ्या टप्प्याचा हिशोब पुन्हा पाहा. बहुधा कंपोझर किंवा ट्रॅकिंग बदललेले असते.

मग ‘टाइप’ मेन्यूत ‘टाइप ऑन अ पाथ’, त्यात ‘ऑप्शन्स’. इफेक्ट ‘रेनबो’, अलाइन ‘बेसलाइन’, स्पेसिंग शून्य. ‘असेंडर’ निवडायचा मोह होतो, कारण ओळ खाली सरकते आणि जुळल्यासारखी वाटते. पण तो मात्रांसकटच्या वरच्या कडेचा हिशोब करतो आणि शिरोरेषा रेषेच्या खालीच राहते.

आत्ता जे दिसते ते सगळ्यांच्या ओळखीचे आहे: पाय जुळलेले, माथे फाकलेले. पूर्ण ओळ निवडा आणि अक्षर पॅनेलमध्ये ‘बेसलाइन शिफ्ट’ला उणे १७ पॉइंट द्या. अक्षरे खाली उतरतात, शिरोरेषा कमानीवर येते आणि फटी मिटतात, कारण अक्षरांमधले अंतर वक्ररेषेवर मोजले जाते आणि आता त्या रेषेवर शिरोरेषा आहे.

किंमत खालच्या बाजूला मोजावी लागते. पायांकडे प्रत्येक अक्षराला सुमारे १५ टक्के कमी जागा मिळते (उंची भागिले त्रिज्या). ‘व’, ‘न’, ‘क’, ‘ग’ अशा अक्षरांना याचा त्रास होत नाही, त्यांच्या काठ्यांच्या बाजूला मोकळी जागा असते. ‘कुटुंब’, ‘गुरुकुल’ असा शब्द असेल तर मात्र उकार एकमेकांना भिडतात. तिथे त्रिज्या वाढवणे हाच उपाय.

स्क्राइबसमध्ये मजकुराची चौकट आणि रेषा दोन्ही निवडून ‘आयटम’ मेन्यूतून ‘अटॅच टेक्स्ट टू पाथ’ करा. गुणधर्मांत ‘डिस्टन्स फ्रॉम कर्व्ह’ आहे, त्यातून ओळ खाली घ्या. ‘स्टार्ट ऑफसेट’ने ओळ मध्यावर आणावी लागते. कोरलड्रॉमध्ये ‘फिट टेक्स्ट टू पाथ’ केल्यावर वरच्या पट्टीत रेषेपासूनचे अंतर भरता येते. दोन्हीकडे आकडा भरून थांबू नका, मोठे करून शिरोरेषा जुळली का ते पाहा.

तपासा: ४०० टक्के मोठे करून डावीकडून उजवीकडे फक्त शिरोरेषेवरून नजर फिरवा. अक्षरे वाचू नका. कुठे पांढरी चीर दिसते तिथे खूण करा.

लहरी रेषेसाठी एक वेगळी सोय आहे आणि ती फारच थोडे लोक वापरतात. इफेक्टमध्ये ‘रेनबो’ऐवजी ‘स्क्यू’ घ्या. त्यात काने आणि काठ्या उभ्याच राहतात, आडव्या रेषा मात्र उतारानुसार तिरक्या होतात. म्हणजे शिरोरेषा लहरीबरोबर जाते आणि माथे फाकत नाहीत. मंद लहरीला हे इतके सुंदर दिसते की मुद्दाम बेसलाइन शिफ्टसुद्धा द्यावी लागत नाही. उतार ३० अंशांच्या पुढे गेला की अक्षरे पिळल्यासारखी दिसतात, तेवढे सांभाळा. ‘स्टेअर स्टेप’कडे फिरकू नका, त्यात शिरोरेषेच्या पायऱ्या होतात.

## ६. खालची ओळ

गोल बिल्ल्यात खाली गावाचे नाव किंवा स्थापनेचे वर्ष असते. इथे उलट गणित आहे. वरच्या कमानीत शिरोरेषा बाहेरच्या बाजूला असते, खालच्या ओळीत ती केंद्राकडे येते.

दोन्ही ओळी एकाच पट्ट्यात दिसायला हव्यात, म्हणून खालच्या ओळीचे वर्तुळ अक्षराच्या उंचीइतके लहान घ्या. ४१ वजा ६, म्हणजे त्रिज्या ३५ मिमी. केंद्र तेच ठेवा. या वर्तुळाचा खालचा अर्धा ठेवा आणि पाचवा टप्पा जसाच्या तसा करा. बेसलाइन शिफ्ट इथेही उणे १७ पॉइंटच, कारण ती अक्षराच्या दृष्टीने खाली सरकवते. अक्षरांचे पाय आता बाहेरच्या ४१ मिमीच्या वर्तुळावर येतात आणि वरच्या ओळीच्या शिरोरेषेच्या रांगेत बसतात.

ओळ उलटी पडली तर रेषेची दिशा उलट आहे. मजकूर चढवण्याआधी लक्षात आले तर ‘ऑब्जेक्ट’ मेन्यूत ‘पाथ्स’, ‘रिव्हर्स पाथ’. नंतर लक्षात आले तर ऑप्शन्समधला ‘फ्लिप’.

खाली फट पडत नाही, दाटी होते, आणि ती वरच्या चिन्हांची होते. रफार, वेलांटी, अनुस्वार, ओकार हे सगळे शिरोरेषेच्याही आत, आणखी लहान वर्तुळात जातात. म्हणून खालच्या ओळीचा मजकूर निवडताना हे पाहा. ‘इंदूर’ आणि वर्षाचे आकडे सुखाने बसतात. ‘कार्यकारिणी’ बसत नाही. मंडळाच्या लोकांना हे आधी सांगितले तर ते मजकूर बदलायला तयार असतात. छापून झाल्यावर वाद होतात.

आकड्यांना शिरोरेषा नसते. ‘२०२५’सारखे वर्ष अक्षरांच्या शेजारी वळणावर थोडे सैल दिसते. तेवढ्या आकड्यांना उणे १० ते उणे २० ट्रॅकिंग द्या. अक्षरांना देऊ नका.

## ७. शिरोरेषेची शिवण

पाचव्या टप्प्यात खुणा केलेल्या चिरा आता बुजवायच्या. कर्सर त्या दोन अक्षरांच्या मध्ये ठेवा आणि कर्निंग (त्या दोघांमधले अंतर) उणे ५ पासून हळूहळू कमी करत जा. साधारण उणे १५ पर्यंत चीर जाते. शिरोरेषा शिरोरेषेवर किंचित चढली तरी हरकत नाही, काळ्यावर काळे दिसत नाही. शब्दांमधल्या मोकळ्या जागेला हात लावू नका.

इथे एक प्रचलित उपाय आहे आणि तो धोक्याचा आहे. चिरा झाकायला लोक शिरोरेषेच्या जाडीची एक वक्ररेषा काढून पूर्ण शब्दावरून फिरवतात. लांबून काम सुबक दिसते. पण मराठीत सगळ्या अक्षरांची शिरोरेषा सलग नसते. ‘भ’ आणि ‘ध’च्या डोक्यावर डावीकडे ती मुद्दाम तुटलेली असते, आणि त्या मोकळ्या जागेवरच ते ‘म’ आणि ‘घ’पासून वेगळे ओळखू येतात. रेषा सरसकट फिरवली की ‘सभा’ची ‘समा’ होते, ‘माधव’चा ‘माघव’ होतो, ‘भजन संध्या’ ‘मजन संघ्या’ होऊन फ्लेक्सवर चढते. प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून हे सुटते, कारण मूळ टाइप केलेला मजकूर बरोबरच असतो. रेषा काढायचीच असेल तर तुकड्यातुकड्यांनी, फक्त जिथे चीर आहे तेवढीच काढा.

सावधान: अक्षराला बाहेरून दुसऱ्या रंगाची कडा द्यायची असेल, पिवळ्या अक्षराला लाल, जशी फ्लेक्सवर असते, तर एकमेकांवर चढलेल्या शिरोरेषा लगेच उघड्या पडतात. प्रत्येक अक्षराची लाल कडा शेजारच्या पिवळ्यातून जाते. आधी मजकुराचे आउटलाइन्स करा, ‘पाथफाइंडर’मधल्या ‘अॅड’ने (कोरलड्रॉमध्ये ‘वेल्ड’ने) प्रत्येक शब्द एकसंध करा, कडा त्यानंतर द्या. व्हिनाइल स्टिकर कापायचा असेल तर हे अनिवार्य आहे. कटरचे पाते दिसेल ती प्रत्येक रेषा कापते, त्यामुळे जोडाच्या ठिकाणी अक्षर सुटून हातात येते.

## ८. वळण घट्ट असेल तर

त्रिज्या उंचीच्या सहापटीपेक्षा कमी असली तर मजकूर रेषेवर न चढवता आकारच वाकवा. सरळ ओळ लावा, तिचे आउटलाइन्स करून शब्द एकसंध करा आणि मग वाकवा. इलस्ट्रेटरमध्ये ‘एन्व्हलप डिस्टॉर्ट’मधला ‘मेक विथ वॉर्प’ आणि त्यातला ‘आर्क’, कोरलड्रॉमध्ये ‘एन्व्हलप’, इंकस्केपमध्ये पाथ इफेक्ट्समधला ‘बेंड’. शिरोरेषा इथे खरोखर वाकते, तुकड्यांची होत नाही. तयार झालेला आकार पानावर आणून ठेवा.

अक्षरे वरून ताणली जातात आणि खालून दबतात, त्यामुळे काठ्या वर जाड, खाली बारीक दिसतात. नियमित जाडीच्या, ठळक फाँटमध्ये हे खपून जाते. बारीक-जाड वळणाच्या पारंपरिक फाँटमध्ये नाही.

वाकवण्याआधी टाइप केलेल्या ओळीची प्रत वेगळ्या लेयरवर ठेवून तो लेयर बंद करा. अध्यक्षांच्या नावात शेवटच्या दिवशी बदल येतोच.

## ९. आकाराच्या आत आणि आकाराभोवती मजकूर

हे तुलनेने सोपे आहे, पण दोन गोष्टींत हमखास चुकते.

कलश, पणती किंवा वर्तुळाच्या आत मजकूर भरायचा तर बंद आकारात टाइप साधनाने क्लिक करा, चौकट तयार होते. वर्तुळाच्या माथ्यावरची पहिली ओळ इतकी आखूड असते की तिथे एकटे ‘श्री’ किंवा ‘व’ जाऊन बसते. कडेपासूनचे अंतर वाढवून किंवा पहिली ओळ रिकामी सोडून मजकूर तिथून खाली सुरू करा, जिथे किमान तीन शब्द मावतात. दोन्ही बाजू सारख्या करायचा हट्ट सोडा. मराठी शब्द लांब असतात, आखूड ओळीत शब्दांमध्ये खिंडारे पडतात. मध्यावर ठेवलेला मजकूर आकार तितकाच चांगला दाखवतो.

चित्राभोवती मजकूर वाहवायचा असेल तर ‘टेक्स्ट रॅप’मध्ये ‘रॅप अराउंड ऑब्जेक्ट शेप’ घ्या आणि अंतर किमान ४ मिमी ठेवा. रोमन मजकुराला २ मिमी चालते. आपल्याकडे शिरोरेषेची टोके सरळ चित्राकडे रोखलेली असतात आणि ती जवळ आली की टोचतात. चित्र स्तंभाच्या मधोमध ठेवून दोन्हीकडून मजकूर वाहवू नका. वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीत चित्रावरून उडी मारावी लागते. चित्र एका कडेला घ्या, वळण एकाच बाजूला येऊ द्या.

## १०. छपाईला देण्याआधी

फाईलच्या दोन प्रती करा. एक टाइप केलेल्या मजकुराची, फाँटसह ‘पॅकेज’ केलेली, तुमच्याकडे राहील. दुसरी कर्व्ह केलेली, म्हणजे मजकुराचे आउटलाइन्स केलेली, पीडीएफ स्वरूपात, प्रेसला जाईल. प्रेसला टाइप केलेली फाईल दिली आणि तिथे तो फाँट नसला, तर ऑपरेटर ओळ स्वतःच्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करतो. तुमची बेसलाइन शिफ्ट, कर्निंग, मराठी वळणाचा ‘ल’ सगळे त्यात जाते.

बिल्ला लहान मापात हवा असेल तर तो कर्व्ह केल्यावरच लहान करा. आधी केला तर पॉइंटमधली बेसलाइन शिफ्ट त्याच प्रमाणात बदलली का हे पुन्हा तपासत बसावे लागते.

कर्व्ह केलेली प्रत कागदावर खऱ्या मापात छापा. मग कागद उलटा धरा आणि फक्त शिरोरेषेकडे पाहा. उलटे धरल्यावर शब्द वाचला जात नाही, म्हणून आकारातला दोष लगेच दिसतो. नंतर सरळ धरून ज्याने हे काम पाहिलेले नाही अशा कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. ‘भ’, ‘ध’, रफार आणि अनुस्वार त्याने बरोबर वाचले पाहिजेत.

फ्लेक्ससाठी १:१० मापातली छापील प्रत भिंतीला लावा आणि प्रत्यक्ष अंतराच्या दहाव्या भागावरून पाहा. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या, मार्गावर लागणारा फलक लोक साधारण २० मीटरवरून, गर्दीतून वाचतात, म्हणजे तुम्ही भिंतीपासून २ मीटरवर उभे राहा. तिथून चिरा दिसत नसतील, पण रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळून काळा ठिपका झाला असेल, तर त्रिज्या वाढवा आणि तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा करा.